आधी हवा कुठे भरणार, ते ठरवा

प्रश्न : माझी कन्या पंधरा वर्षांची आहे. गेली दीड वर्षे ती गडहिंग्लज परिसरातील एका शाळेच्या हॉलमध्ये 10 मीटर एअर रायफलचा सराव करते. आतापर्यंत क्लबची रायफल वाटून घ्यावी लागत होती. आता स्वतःची घ्यावी असे सरांचे म्हणणे आहे. सगळे मिळून सव्वा लाखाची सोय मी करू शकतो, त्यापुढे कर्ज काढावे लागेल. तीन रायफली पाहून ठेवल्या आहेत. पहिली नवी देशी बनावटीची, हवेच्या सिलिंडरवर चालणारी, 58 सेंटिमीटर बॅरलची, 48 हजारांना. दुसरी जुनी जर्मन, सिलिंडरचीच, पुढे लांब नळी जोडलेली, 1 लाख 15 हजारांना. तिसरी त्याहून जुनी जर्मन, बाजूचा दांडा ओढून हवा दाबण्याची, 55 हजारांना. विक्रेता म्हणतो, बॅरल जितकी लांब तितका नेम अचूक. टेक्सासला असलेला माझा पुतण्या म्हणतो, बॅरलच्या लांबीबरोबर गॅस सिस्टिम जुळली पाहिजे, नाहीतर पैसे वाया जातील. मला यातले काहीच कळत नाही. कोणती घ्यावी? – एक पालक

स. न. वि. वि.

आपले पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या वाक्यापाशी थांबले, कारण ज्यांना खरोखर काही कळत नाही ते इतके नेटके भाव आणि मापे लिहून पाठवत नाहीत. आपल्याला पुष्कळ कळले आहे. फक्त दोन वेगळ्या विद्यांचा सल्ला एकमेकांत मिसळला गेला आहे, तो आधी वेगळा करू.

आपल्या पुतण्याचे म्हणणे खोटे नाही, पण ते या रायफलीचे नाही. अमेरिकेत लोक स्वतः भाग निवडून जी एआर पद्धतीची बारुदी रायफल जुळवतात, तिच्यात गोळी सुटल्यावर मागून येणारा जळालेला गॅस बॅरलला पाडलेल्या एका बारीक भोकातून थोडासा वळवून घेतात आणि त्याच्या जोरावर बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता भाग, मागे ढकलून पुढचे काडतूस आपोआप चढवतात. हे भोक चेंबरपासून (काडतूस बसते त्या जागेपासून) साधारण 7 इंचांवर असेल तर त्या रचनेला कार्बाइन, 9 इंचांवर असेल तर मिड-लेन्थ आणि 12 इंचांच्या आसपास असेल तर रायफल-लेन्थ म्हणतात. भोक जितके जवळ तितका तेथील दाब जास्त, म्हणून बोल्ट जोराने आपटतो आणि धक्काही कडक बसतो. तेथील कायद्याने सर्वसाधारण रायफलीची बॅरल किमान 16 इंचांची असावी लागते, आणि त्या 16 इंचांना मिड-लेन्थ रचना मानवते असे तेथील जाणकार सांगतात ते याच कारणाने. आपल्या कन्येच्या रायफलीत बारूद नाही, जळालेला गॅस नाही आणि पुढचा छर्रा आपोआप चढतही नाही. तो ती स्वतःच्या बोटांनी एकेक करून ठेवते. म्हणून पुतण्याचे आभार माना आणि त्याचा मुद्दा येथे सोडून द्या.

आता विक्रेत्याच्या म्हणण्याकडे वळू. लांब बॅरलमध्ये दाबलेल्या हवेला छर्रा ढकलायला अधिक अंतर मिळते, त्यामुळे वेग वाढतो, इतके खरे आहे. पण 10 मीटरवरच्या कागदाला वेग नको असतो. स्पर्धेच्या रायफलीतून छर्रा सेकंदाला साधारण 170 ते 175 मीटर वेगाने निघतो, आणि जगातले उत्तमोत्तम नेमबाज याच वेगावर खेळतात. आपल्या ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील 2022 साली कैरोला विश्वविजेते झाले ते याच प्रकारात. नामवंत जर्मन कंपन्यांच्या स्पर्धा-रायफलींची खरी बॅरल सुमारे 42 सेंटिमीटरच असते. ती मुद्दाम आखूड ठेवलेली आहे. ट्रिगर दाबल्यावर छर्रा बॅरलमधून बाहेर पडेपर्यंत सेकंदाचे काही सहस्रांश जातात, आणि तेवढ्या वेळात खांदा किंवा श्वास हलला तर तो हलणारा माणूस छर्ऱ्याला बरोबर घेऊन जातो. बॅरल जितकी लांब तितका हा धोक्याचा वेळ जास्त. दीड वर्षे सराव केलेल्या मुलीचा फॉलो-थ्रू, म्हणजे ट्रिगर दाबल्यावरही नेम तसाच धरून ठेवणे, अजून पक्का झालेला नसतो, म्हणून तिला आखूड बॅरल अधिक सांभाळून घेते.

मग दुसऱ्या रायफलीला पुढे लांब नळी कशासाठी आहे, असा प्रश्न आपल्या मनात येईल. ती बॅरल नव्हे. ती पोकळ जोडनळी आहे, तिच्यात छर्ऱ्याला कोठेही स्पर्श होत नाही, आणि तिचे काम पुढची साईट, म्हणजे नेम जुळवण्याची खूण, डोळ्यापासून दूर नेणे एवढेच आहे. मागच्या आणि पुढच्या साईटमधले अंतर वाढले की साईट जुळवताना झालेल्या चुकीचा परिणाम कमी होतो. किती कमी होतो, हे मात्र कोणी मोजून सांगत नाही, म्हणून मी सांगते. समजा पुढची साईट 0.1 मिलिमीटर सरकली. दोन साईटमधले अंतर 70 सेंटिमीटर असेल तर 10 मीटरवर छर्रा 1.43 मिलिमीटर हुकेल; अंतर 80 सेंटिमीटर असेल तर 1.25 मिलिमीटर हुकेल. फरक पडला 0.18 मिलिमीटरचा. दशांश गुणांच्या पद्धतीत केंद्रापासून प्रत्येक 0.25 मिलिमीटरला एक दशांश गुण जातो, म्हणजे दहा सेंटिमीटर जास्तीच्या लांबीने जो लाभ झाला तो एक दशांश गुणाहूनही कमी आहे. ज्यांचे पात्रता फेरीतले 60 छर्रे 630 गुणांच्या पुढे जातात त्यांच्यासाठी हा लाभ मोलाचा आहे, कारण तेथे दोन-तीन दशांशांवर अंतिम फेरी हुकते. शालेय पातळीवर मात्र त्याच नळीचे दीडशे-दोनशे ग्रॅम अगदी पुढच्या टोकाला लटकतात, डावा हात आणि कंबर लवकर थकतात, आणि चाळिसाव्या छर्ऱ्यानंतर साईट जुळलेली राहतच नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत रायफलीचे वजन 5.5 किलोच्या आत आणि यंत्रणेच्या मागच्या टोकापासून नळीच्या दिसणाऱ्या तोंडापर्यंतची लांबी 850 मिलिमीटरच्या आत असावी लागते. पण ही कमाल मर्यादा आहे, तेथपर्यंत पोहोचलेच पाहिजे असे नाही. दुसरी रायफल घेतलीत तर ती नळी काढून कपाटात ठेवा. दोन वर्षांनी खांदे भरले की मग लावा.

एवढ्यावरून पहिली रायफल यादीतून काढावी असे माझे मत झाले आहे. देशी कारखान्यांनी गेल्या काही वर्षांत केलेली प्रगती मला मनापासून आवडते, आणि छंद म्हणून कोणी विचारले तर मी त्यांची नावेही सुचवते. पण 58 सेंटिमीटरची बॅरल लावलेली रायफल अधिक वेगासाठी आणि अधिक ताकदीसाठी घडवलेली असते. तिचा कुंदा, गाल टेकवण्याची पट्टी आणि खांद्याची पट्टी उभ्याने खेळणाऱ्या मुलीच्या अंगाप्रमाणे सरकवता येत नाही, आणि 10 मीटरच्या खेळात हे सरकवता येणेच अर्धा खेळ आहे. जाता जाता सांगते, 4.5 मिलिमीटर व्यासाची आणि 20 ज्यूलच्या (ज्यूल हे छर्ऱ्याच्या ताकदीचे माप) आतली एअर रायफल आपल्याकडे परवान्याशिवाय, ओळखीचा पुरावा देऊन घेता येते. ताकदवान रायफल निवडताना ही सीमा ओलांडली जात नाही ना, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे लागते. स्पर्धेच्या रायफली साडेसात-आठ ज्यूलच्या आसपासच असतात, त्यांना ही काळजी नाही.

राहिल्या दोन, आणि खरा निर्णय येथे आहे. आपण बॅरलबद्दल विचारलेत. मी आपल्याला हवेबद्दल विचारणार आहे. गडहिंग्लजला सिलिंडर कोण भरून देईल?

सिलिंडरच्या रायफलीत 200 बार दाबाची हवा भरलेली असते. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात, यावरून हा दाब काय आहे याची कल्पना यावी. आत एक नियंत्रक असतो, तो प्रत्येक छर्ऱ्याला मोजून सारखीच हवा देतो, त्यामुळे सिलिंडर भरलेला असो वा निम्म्यावर आलेला, वेग बदलत नाही. ओढायचे काही नसते, अंग हलत नाही, मुलीची सारी ताकद नेमासाठी शिल्लक राहते. या पद्धतीने तीस वर्षांत बाकीच्या साऱ्या पद्धती मागे टाकल्या, त्या उगाच नव्हे. मात्र तीनशे-साडेतीनशे छर्ऱ्यांनंतर सिलिंडर भरावाच लागतो. आपली कन्या दिवसाला 80 छर्रे मारत असेल तर चार दिवसांनी सिलिंडर रिकामा. टायरवाल्याचा कंप्रेसर येथे उपयोगाचा नाही. उच्च दाबाचा कंप्रेसर, पाणबुडे वापरतात ती हवेची मोठी बाटली किंवा हातपंप, यांपैकी काहीतरी लागते. आपल्या हॉलमध्ये ते नसेल तर दर आठवड्याला कोल्हापूरची एसटी धरावी लागेल, आणि परीक्षेच्या दिवसांत ती धरली जाणार नाही. हातपंपाने काम होते, परंतु घाम निघतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेतला ओलावा गाळला गेला नाही तर तो सिलिंडरमध्ये जाऊन आतून गंज धरतो. कोणी वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन भरून देतो म्हणाला तर त्याच्या दारातूनच परत फिरा. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल-ग्रीसचा अंश लागला तरी स्फोट होतो.

बाजूच्या दांड्याच्या रायफलीत यातले काही नाही. प्रत्येक छर्ऱ्याआधी दांडा एकदा पूर्ण ओढायचा आणि परत मिटवायचा. तेवढ्या एका ओढीत लागेल तितकीच हवा दाबली जाते आणि ती सगळी त्याच छर्ऱ्याला मिळते. फाइनवेर्कबाऊ या जर्मन कंपनीच्या 600 ते 603 या मालिकेतल्या रायफली अशा आहेत, आणि त्यांनी एके काळी जगभरची पदके जिंकलेली आहेत. त्यांची बॅरल आजच्या नव्या रायफलींहून अचूकतेत मागे नाही, हे मी रायफल चिमट्यात घट्ट पकडून मारलेल्या पाच छर्ऱ्यांच्या एका भोकावरून सांगते. उणीव दोन ठिकाणी आहे. साठ छर्रे अधिक सुरुवातीचे सरावाचे, म्हणजे एका सामन्यात दांडा ऐंशी-नव्वदवेळा ओढावा लागतो, आणि प्रत्येक ओढीनंतर पवित्रा पुन्हा बांधावा लागतो. दुसरी उणीव बारीक आहे, पण मुलीला आजच सांगून ठेवा : हवा दाबल्यावर ती तापते, आणि दांडा मिटवून फार वेळ थांबले की ती निवते व दाब किंचित उतरतो. म्हणून दांडा ओढल्यापासून ट्रिगरपर्यंतचा वेळ दर वेळी जवळपास सारखाच ठेवण्याची सवय लावून घ्यावी. ही सवय पुढे सिलिंडरच्या रायफलीवर गेल्यावरही कामाला येते, कारण तिच्यामुळे लय बसते.

कोणी मध्येच कार्बन डायऑक्साइडवर चालणारी जुनी रायफल स्वस्तात देऊ केली तर घेऊ नये. त्या वायूचा दाब तापमानावर हलतो. 20 अंशांना जो सुमारे 57 बार असतो तो 30 अंशांना सत्तरच्या पुढे जातो, आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या हॉलमध्ये सकाळचा आणि दुपारचा नेम वेगवेगळ्या ठिकाणी लागतो. थंड देशांतल्या बंदिस्त रेंजसाठी ती सोय ठीक होती.

दुसऱ्या रायफलीबाबत माझा एक कटू अनुभव आपल्याला उपयोगी पडेल. काही वर्षांपूर्वी मी एका गृहस्थांकडून अशीच जुनी जर्मन रायफल घेतली. सिलिंडर आरशासारखा चकचकीत होता, दाबमापकाचा काटा 190 वर होता, आणि एवढ्यावरच मी समाधान मानले. राज्य पातळीच्या एका स्पर्धेत उपकरण तपासणीच्या टेबलावर तेथील अधिकाऱ्यांनी सिलिंडर फिरवून त्यावरचा चिकटवलेला नावाचा कागद नखाने उचलला, आणि खाली कोरलेली तारीख मला वाचायला लावली. मुदत चार महिन्यांपूर्वी संपलेली होती. सिलिंडर मुदतीत ठेवणे ही नियमाप्रमाणे खेळाडूची जबाबदारी असते, त्यामुळे तक्रारीला जागाच नव्हती. शेजारच्या नेमबाजाने आपला जादा सिलिंडर देऊ केला, पण त्याची कंपनी वेगळी, आटे जुळले नाहीत. मी त्या दिवशी इतरांचे गुण लिहीत बसले. म्हणून सिलिंडरवर कोरलेला बनावटीचा महिना आणि वर्ष स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. सर्वसाधारणपणे 10 वर्षांची मुदत धरतात. आपण पत्रात दुसऱ्या रायफलीबरोबर किती सिलिंडर आहेत आणि ते कोणत्या वर्षाचे आहेत, हे लिहिलेले नाही. मुदत दोन वर्षांहून कमी उरली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत काढून ती सरळ 1 लाख 15 हजारांतून वजा करायला सांगा. मालक तयार नसेल तर व्यवहार तेथेच थांबवा.

आता पैशांचा मेळ घालू. दुसरी रायफल घेतली तर आपल्या हाती दहा हजार उरतात. त्यात तिचे स्वतःचे जॅकेट, ट्राउझर आणि बूट येणार नाहीत. उभ्याने खेळणाऱ्या मुलीच्या पाठीला जॅकेटचा जो आधार मिळतो, तो लांब नळीच्या दशांशापेक्षा कितीतरी पटींनी मोठा असतो. दुसऱ्याच्या मापाचे ढगळ जॅकेट घालून लाखाची रायफल धरलेली मुले मी दरवर्षी पाहते आणि मला वाईट वाटते. तिसरी घेतली तर सत्तर हजार हातात राहतात. त्यातून मापाचे जॅकेट-ट्राउझर होईल, वर्षभराचे छर्रे होतील, आणि दोन-तीन बाहेरगावच्या स्पर्धांचा प्रवास निघेल. स्पर्धेचा अनुभव पंधराव्या वर्षी मिळतो तो पुढे कोणत्याच किमतीला विकत मिळत नाही.

म्हणून माझा कौल तिसऱ्या रायफलीला आहे, पण एका अटीवर, आणि ती अट मुलीनेच पार पाडायची आहे. रायफल पाहायला जाताना तिला बरोबर न्या. तिला दांडा साठ वेळा ओढू द्या, दर वेळी रायफल खांद्याला लावून रिकाम्या भिंतीवर नेम धरू द्या, घाई करू नका. चाळीस वेळा ओढून झाल्यावर तिचा डावा हात थरथरू लागला, किंवा दांडा मिटवताना ती कंबर वाकवू लागली, तर ही रायफल तिच्यासाठी अजून जड आहे. मग दुसरीचाच विचार करा, आणि हॉलमध्ये हवेची सोय करण्यासाठी चार पालकांनी मिळून एक पाणबुड्यांची बाटली घेता येते का, हे सरांना विचारा. वजनाचाही अंदाज घ्या. या जुन्या रायफली पाच किलोच्या आसपास असतात, आणि रायफल मुलीच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी असावी असा आम्ही प्रशिक्षक ढोबळ हिशेब धरतो.

तपासणीला जाताना छर्ऱ्यांचे तीन छोटे नमुने बरोबर न्या : 4.49, 4.50 आणि 4.51 मिलिमीटर डोक्याचे. प्रत्येक बॅरलची आवड वेगळी असते. रायफल चिमट्यात किंवा वाळूच्या दोन पिशव्यांवर घट्ट बसवून प्रत्येक मापाचे पाच-पाच छर्रे एकाच जागी मारायला लावा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा असल्याने पाच छर्ऱ्यांचे मिळून झालेले भोक सहा-सात मिलिमीटरच्या आत बसले तर बॅरल उत्तम आहे. तिन्ही मापांना ते नऊ-दहाच्या पुढे गेले तर बॅरलचे तोंड भिंगातून पाहा. एखादा बारीक टवका गेलेला असतो. दांड्याच्या रायफलीत आणखी एक पाहायचे : दांडा मिटवून, छर्रा न भरता, बॅरल जमिनीकडे सुरक्षित दिशेला धरून शांत खोलीत कान जवळ न्या. फुस्स असा बारीक आवाज येत असेल तर आतले रबरी सील कडक झाले आहे. सील बदलता येते, त्याने घाबरू नका, मात्र ते बदलणारा कारागीर कोल्हापुरात किंवा पुण्यात कोण आहे हे आधी विचारून घ्या आणि त्याचा खर्च भावातून कमी करा.

आपल्या जिल्ह्यातले स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसला कांस्यपदक मिळवल्यापासून आमच्याकडे येणारे पुष्कळ पालक लांब बॅरलची रायफल मागतात. त्यांचा प्रकार 50 मीटरचा, रायफल पॉइंट टू-टू बोअरची, बारुदी आणि परवान्याची. तिची मापे येथे लावू नयेत. आपल्या कन्येला पुढे तिकडे जायचे असेल तरी वाट याच 10 मीटरच्या हॉलमधून जाते.

साठ वेळा दांडा ओढल्यावर काय झाले, पाच छर्ऱ्यांचे भोक किती मिलिमीटरचे भरले आणि दुसऱ्या रायफलीच्या सिलिंडरवर कोणते वर्ष कोरलेले आहे, एवढ्या तीन गोष्टी मला कळवा. तोवर इसार देऊ नका.